बोक्याची टेप

रत्नागिरीत असताना एका माणसाने बायकोला विचारलेला प्रश्न मी दहा महिने अडवून ठेवला. मला ठाऊक नव्हतं, हा बचाव खरा आहे. पण इतक्या वर्षांत तो मी कुणापुढे मांडलेला नाही, कारण मांडायला बसले की आधी सगळा बोका सांगावा लागतो. प्रश्न साधा होता. हा माणूस आखातात नोकरीला होता, बायको आणि लहान मुलगी इथे त्याच्या आईवडिलांजवळ होत्या. त्या दोघींनी तिकडे राहायला यायचं की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याचं विचारणं आणि तिचं ऐकणं यांच्या मधे एक बोका, एक उंदीर, एक कुत्रा आणि हायस्कुलात शास्त्र शिकवणारी मी, असे आम्ही चौघं आलो.

मी मूळची घाटावरची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी रत्नागिरीत नेमणूक झाली आणि खाडीच्या अंगाला उतरत जाणाऱ्या एका आळीत, एका मुसलमान कुटुंबाच्या घराची बाहेरची खोली मला भाड्याने मिळाली. घरमालक बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. आता घरी बसले होते आणि बोटीवर जशी माणसं हाकायचे तसं घर हाकत होते. अख्खी आळी त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची बायको चाची, सून भाभी. भाभी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असेल, तरी भाभी. नात तीन वर्षांची, तिला सगळे छोटी म्हणत. आणि मी बाई. बाई या शब्दात त्या घराने मला जेवढा मान दिला तेवढा मला शाळेतही मिळत नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, तो माझ्या डोक्यात गेला होता.

मुलाचं पत्र महिन्याला एक यायचं. पाकिटावर नाव चाचांचं. चाचा ते लगेच फोडत नसत. दुपारची नमाज झाली की पडवीत खुर्ची टाकायची, चष्मा पुसायचा, सगळ्यांना हाक मारायची आणि मग बोटीवर हुकूम वाचून दाखवावा तशा आवाजात पत्र वाचायचं. चाची जवळ वेताच्या मोड्यावर, भाभी माजघराच्या दाराआड, शेजारची एखाददुसरी बाई दगडी गडग्यापलीकडे. पत्र म्हणजे घराचंच नव्हे, थोडंफार आळीचंही असायचं. त्यात भाभीसाठी वेगळी अशी एकच ओळ असे: घरात सांगणे, तब्येतीस जपावे. 'घरात' म्हणजे भाभी. उत्तरही चाचांचंच असायचं. त्यांचा हात थरथरे म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. शेवटी ठरलेलं वाक्य: घरातील सर्वांचा सलाम. भाभीचा म्हणून वेगळा सलाम घालायची रीत नव्हती. सुनेने वेगळं पाकीट पोस्टात टाकलं असतं तर ते खाडीपार व्हायच्या आत आळीभर झालं असतं. कुणी कुणावर जुलूम करत होतं असं मात्र नाही. त्या आळीतल्या चाळीसेक घरांतली निम्मी माणसं आखातात किंवा बोटीवर होती आणि सगळ्यांचीच पत्रं अशी चारचौघांत वाचली जात.

मागच्या रजेत मुलाने टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. तेव्हा छोटी सहा महिन्यांची होती. पुढची रजा दोन वर्षांनी मिळायची, पण मधे त्याने कंपनी बदलली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. व्हीसीआरने पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांची एक टेप चावून खाल्ली. तेव्हापासून त्याला हात लावायचा नाही, असा चाचांचा हुकूम होता. मी राहायला आले आणि शास्त्र शिकवते असं कळलं, तेव्हा चाचांनी यंत्राची माहितीपुस्तिका माझ्यापुढे ठेवली. ती इंग्रजीत आणि अरबीत होती. इंग्रजीतली मी दोन संध्याकाळी वाचून काढली. त्या दिवसापासून व्हीसीआर चालवायचा तर बाईंनी, नाहीतर तो भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत आले त्याच आठवड्यात जयगडचा एक माणूस आखातातून रजेवर आला आणि मुलाने त्याच्या हाती पाठवलेली पिशवी चाचांकडे पोचवून गेला. पिशवीत सरबताची पावडर, चाचीला गुडघ्याचं मलम, छोटीला फ्रॉक, भाभीला ओढणी आणि एक व्हिडीओ टेप. टेपच्या पट्टीवर मराठीत लिहिलं होतं: छोटीसाठी.

त्या संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या मला चहाही न देता टीव्हीपुढे बसवलं गेलं. टेपवर तिकडच्या टीव्हीवरून उतरवून घेतलेलं कार्टून निघालं. आठ मिनिटांचं असेल. एक मोठं घर, त्यात माणूस एकही नाही. एक राखाडी बोका, एक बोटभर उंदीर आणि टेबलाखाली झोपलेला जाडा कुत्रा. टेबलावर ताटात शिजवलेला अख्खा मासा. बोक्याला मासा राखायचा आहे, उंदराला पळवायचा आहे, आणि कुत्र्याची झोप मोडली की दोघांचीही धडगत नाही. त्यामुळे सगळी मारामारी मुक्याने. बोक्याच्या पायावर इस्त्री पडते, तर तो तोंडात उशी कोंबून बाहेर अंगणात पळतो, तिथे उशी काढून बोंब मारतो आणि पुन्हा चवड्यांवर चालत आत येतो. शेवटी कपाट त्याच्या अंगावर पडतं आणि तो घावनासारखा सपाट होऊन दाराच्या फटीतून बाहेर सरकतो. कुत्रा जागा होतो, मासा खातो, उंदीर कुत्र्याच्या पाठीवर झोपतो आणि बोका खिडकीबाहेर बर्फात. संपलं.

त्यात एक शब्द नव्हता, हेच त्या घराला फार सोयीचं होतं. हिंदी सिनेमा लागला की चाची दर पाच मिनिटांनी 'काय बोलली ती?' विचारायची. इथे विचारायचं काही नव्हतं. छोटी पहिल्यांदा घाबरली, दुसऱ्यांदा हसली आणि तिसऱ्यांदा बोका उशी तोंडात कोंबायच्या आधीच हसायला लागली. चाची पहिल्या मिनिटापासून बोक्याच्या बाजूने. तांदळाच्या पिंपात उंदरांनी केलेला उच्छाद ती रोज निस्तरत होती. उंदराचं कौतुक करणारं कार्टून तिला पटणं शक्यच नव्हतं. "मेल्या, उजवीकडं बग, उजवीकडं!" ती बोक्याला ओरडून सांगायची. बोका डावीकडे बघायचा, आणि चाची कपाळाला हात लावायची.

चाचांना वेगळीच शंका. कपाट पडलं, बोका सपाट झाला, परत फुगून उभा राहिला, तेव्हा ते माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मरत कसा नाय वो ह्यो?"

"कार्टून आहे, चाचा. यात कुणी मरत नाही."

"मंग मारतत कशाला?"

मी म्हटलं, गंमत. चाचांनी मान हलवली, पण समाधान झालं नाही. पुढच्या वेळी मात्र ते ठरल्या जागी खो खो हसले आणि मग दाराबाहेर कोण ऐकतंय का ते बघून घेतलं.

कार्टून संपलं की पडद्यावर काळ्यापांढऱ्या मुंग्या यायच्या आणि खर्रर्र असा आवाज. मुंग्या दिसल्या की मी बटण दाबून टेप थांबवायची. पहिल्या दिवशी चाचा म्हणाले, "आणखी काय हाय का बगा की पुढं." मी त्यांना समजावून सांगितलं की, कोरी टेप चालवली की यंत्राचं हेड झिजतं. हे मला बाजारातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं होतं. खरं की खोटं मी कधी तपासलं नाही. पण सांगताना मी फळ्यापुढे उभी असल्यासारखं सांगितलं. हेड म्हणजे काय, ते टेपला कसं घासतं, सगळं. चाचांनी सारंगाच्या शिस्तीने ते मनावर घेतलं. मुंग्या दिसल्या की बंद, हा त्या घरात नमाजेच्या वेळेइतका पक्का नियम झाला. पुढे पुढे छोटीच ओरडायची, "बाई, मुंग्या!" आणि मी बटण दाबायची.

आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी तरी ते आठ मिनिटांचं कार्टून लागायचं. भाभी आतल्या दाराशी उंबऱ्याला टेकून बसे. ती कुणाच्याच बाजूने नव्हती. ती छोटीकडे बघायची. मुंग्या आल्या, मी टेप थांबवली, की उठून भाकऱ्या थापायला जायची. हे चित्र मला आता फार स्पष्ट दिसतं, तेव्हा मी बघतही नव्हते.

मुलाच्या पुढच्या पत्रात एक ओळ होती: टेप सर्वांनी पाहिली का? छोटी आणि घरात यांनी शेवटपर्यंत पाहिली का, कळवणे. चाचांनी ती जोरात वाचली आणि मला उत्तर सांगितलं. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: टेप रोज पाहतो. सर्वांनी शेवटपर्यंत पाहिली. शेवटी बोक्याची फार फजिती झाली, छोटी खूप हसली. घरातील सर्वांचा सलाम.

त्याच्या पुढच्या पत्रात पुन्हा तेच. टेप शेवटपर्यंत पाहिली का? चाचा जरा चिडले. "येडो झालो की काय ह्यो? एकदा सांगितला ना." मी पुन्हा लिहिलं, हो, शेवटपर्यंत पाहिली, वारंवार पाहतो. त्यानंतर त्याने विचारलं नाही. पत्रं यायची, पण पानभराची अर्ध्या पानाची झाली. 'घरात सांगणे' ही ओळ एकदा आली, एकदा नाही. तिकडे उन्हाळा कडक असतो, काम फार असेल, असं चाची म्हणायची. मी मे महिन्यात घरी जाऊन आले, शाळा सुरू झाली, गौरी-गणपती झाले. मग एक पत्र आलं की कंपनीने करार आणखी दोन वर्षांनी वाढवून दिला आहे, मी सही केली आहे, तेव्हा यंदा रजेवर येणे होत नाही. चाचांनी ते वाचलं, घडी घातली आणि नेहमीसारखं उत्तर सांगायला लगेच बसवलं नाही. माजघराच्या दाराआड कुणी होतं की उठून गेलं होतं, मला कळलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी छोटीच्या अंगावर कांजिण्या होत्या. माझी शाळा सकाळची, दुपारी मी घरी. चाचा मशिदीत, चाची मयताच्या घरी गेलेली, भाभी मागे विहिरीवर. छोटीने बोका मागितला. आजारी पोर, मी लावून दिला. कार्टून चालू असताना दारात मासेवाली आली. चाची नसली की मासे मीच घ्यायचे, हेही आता माझ्याकडे आलं होतं. मी घाटावरची, मला बांगडा आणि तारली यांतला फरक कळायला एक वर्ष लागलं होतं. भावात तर मी कायमच हरायची. त्या दिवशी मी हट्टाला पेटले. टोपलीतला एकेक बांगडा कल्ले उघडून बघितला, ती वैतागली, मी उठून जायचं नाटक केलं, तिने टोपली उचलायचं नाटक केलं. बराच वेळ गेला. आत खर्रर्र वाजत होतं ते मला ऐकू येत होतं. पण छोटी ओरडली नाही, कारण ती पेंगुळली होती.

बांगडे घेऊन मी आत धावले. हेड झिजत होतं. हात बटणावर गेला आणि ते दाबायच्या आधीच मुंग्या निघून गेल्या.

पडद्यावर एक माणूस खाटेच्या कडेवर बसला होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मागे पडदा. तो कॅमेऱ्याच्या मागच्या कुणाला तरी म्हणाला, जा तू आता. दार लागल्याचा आवाज आला. छोटी डोळे चोळत म्हणाली, "बाई, फोटोतले अब्बा."

तो अडखळत बोलत होता. बोटाने गुडघ्यावरची इस्त्रीची घडी दाबत होता. तो म्हणाला, बोका संपला की बाबा-अम्मा उठून गेले असतील असं धरून चालतो. तू बसलेली असशील, छोटीला परत बघायचं असेल. पत्रात लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. इथे नवी कंपनी कुटुंबाला खोली देते. एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. खिडकीतून समुद्र दिसत नाही. तुम्ही दोघींनी यावं असं मला वाटतं. पण तुझं मन नसेल तर जबरदस्ती नाही. यायचं असेल तर बाबांच्या पत्रात तुझा वेगळा सलाम घालायला सांग. तुझा सलाम आला की मी कागद करायला घेतो. तीन महिने वाट बघीन. नाही आला तर समजेन, आणि परत विचारणार नाही. रागावणारही नाही. त्याला वाटलं असावं की आणखी काही बोलायला हवं. "छोटी, बोका आवडला काय?" असं म्हणून तो उठला, पुढे आला आणि चित्र गेलं.

मी परडीतले बांगडे तसेच हातात धरून उभी होते. दहा महिने. सर्वांनी शेवटपर्यंत पाहिली, असं मी दोनदा लिहिलं होतं, माझ्या हाताने, आणि त्याने ते दोनदा वाचलं होतं. त्याने सगळा हिशेब बरोबर मांडला होता. म्हातारी माणसं उठून जातील, बायको बसेल, पोर बसेल. घरात एक शहाणी बाई भाड्याने राहायला येईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की विहिरीवर जाऊन भाभीला हाक मारायला मला दोनदा उंबरा ओलांडावा लागला.

तिला बोलावून आणलं आणि टेप मागे घेतली. घाईत जास्त मागे गेली. त्यामुळे आम्हाला कपाट पडण्यापासूनचा बोका पुन्हा बघावा लागला. भाभीला कळेना की मी तिला विहिरीवरून हे बघायला का आणलं. बोका सपाट झाला, फटीतून गेला, कुत्र्याने मासा खाल्ला, बर्फ पडला. मुंग्या आल्या. भाभी सवयीने उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मुंग्या चार-पाच मिनिटं चालल्या. एवढ्या मुंग्या त्याने मुद्दाम ठेवल्या होत्या, म्हाताऱ्यांना उठून जायला वेळ मिळावा म्हणून.

तिने सगळं बघितलं. ओल्या हातांनी ओढणीचं टोक धरलं होतं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. चित्र गेलं तेव्हा म्हणाली, "परत लावा." मी परत लावलं. मग विचारलं, "तीन म्हयने कवा झाले?" मी सांगितलं, फाल्गुनातच. तिने मान हलवली.

मी रडत होते, ती नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी आज रात्रीच तुझ्या नावाने पत्र लिहून देते, उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर मागवू, कुणाला काही कळणार नाही. मला वाटलं मी फार मोठी युक्ती सुचवली आहे.

"चोरून कशाला?" भाभी म्हणाली. "त्यांनी चोरून विचारलानी, त्याचा काय झाला ता बगितलात ना?"

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न होता. मला वाटलं ती मला पुढे करेल. बाईंचा शब्द घरात चालायचा. पण चाचा आले, चाची आली, चहा झाला, तेव्हा भाभी माजघरातून बाहेर आली आणि सासऱ्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, टेप पुढं हाय. तुमी बगा." आणि मला म्हणाली, "लावा."

चाचांनी बघितलं. मुंग्यांच्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मुलगा पडद्यावर आला तशी चाची पुढे सरकली. 'बाबा-अम्मा उठून गेले असतील' हे वाक्य आलं तेव्हा चाचांनी चष्मा काढला आणि बाकीचं चष्म्याशिवाय ऐकलं. चित्र गेलं, मी बटण दाबलं. मग चाची म्हणाली, "मंग माझी छोटी जायाची?" आणि ढसाढसा रडायला लागली. पाच मिनिटांपूर्वी मुलगा डोळ्यांनी दिसला म्हणून ती हसली होती. ती नातीला घेऊन आत गेली आणि आतून काही वेळ तिचा आवाज येत राहिला. नातीशिवाय घरात करू काय मी, असं ती म्हणत होती. भाभी तिच्यामागे गेली नाही. ती तिथेच उभी राहिली.

चाचा तिला म्हणाले, "तुज्या मनात काय हाय?"

हा प्रश्न तिला त्या घरात त्यापूर्वी कुणी विचारला होता की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, "जायाचा हाय."

चाचांनी मला कागद काढायला सांगितलं. मी काढला. मग म्हणाले, नको, ठेवा. पत्र जायला बारा दिवस, यायला बारा दिवस. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी आयुष्यात पत्रात खोटा लिवला नवता, बाई." मी त्यांना म्हटलं की ते खोटं माझ्यामुळे लिहिलं गेलं. त्यांनी ते नाकारलं नाही.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं टेलिफोन ऑफिसात गेलो. कंपनीच्या कागदावरचा नंबर दिला आणि त्याच्या नावाने कॉल बुक केला. फोन ऑफिसात जाईल आणि तिथून त्याला बोलावून आणतील, अशी ती पद्धत. सकाळी दहाला बसलो ते दोनपर्यंत बाकावर बसूनच होतो. हॉलमध्ये मुंबईला ट्रंककॉल लावणारे मासळीचे व्यापारी, एक नवी नवरी, रडणारं पोर. बोलायला काचेची एक खोली होती, पण तिचं दार लागत नसे. आतला प्रत्येक शब्द हॉलभर ऐकू यायचा, आणि लाइन खराब असल्यामुळे प्रत्येकजण ओरडूनच बोलायचा. चाचांनी हे सगळं नीट न्याहाळलं आणि भाभीकडे बघितलं. भाभीने नवी ओढणी घेतली होती, पिशवीतून आलेली.

आमचं नाव पुकारलं तेव्हा चाचा आत गेले, आम्ही दारात. त्यांनी आधी सलाम केला, तब्येत विचारली, छोटीच्या कांजिण्या सांगितल्या. कांजिण्या ओरडून सांगाव्या लागल्या, तेव्हा हॉलमधली दोन माणसं दाराजवळून लांब सरकली. मग त्यांनी काही न बोलता रिसीव्हर सुनेच्या हातात दिला आणि मागे सरले.

तिने दोन्ही हातांनी धरला. "टेप बगितली," ती म्हणाली. "परवा बगितली. नाय, आधी नाय. परवाच." मग ऐकत राहिली. "मुंग्यांच्या पुढचा बगितला." पुन्हा ऐकत राहिली. मग हळू म्हणाली, "हो."

मधेच ऑपरेटरबाई लाइनवर आल्या असाव्यात. पलीकडच्या पार्टीला ऐकू जात नाही, मोठ्याने बोला, असं त्या दटावून सांगत होत्या, ते आमच्यापर्यंत आलं. भाभीने एकदा हॉलकडे बघितलं. व्यापारी, नवरी, सगळे तिच्याकडेच बघत होते, दुसरं बघायला तिथे होतं काय. तिने ओढणी कानामागे खोचली.

"हो!" ती ओरडली. "हो म्हटला! येणार मी! आमी दोघी येणार!"

मग ती ऐकू लागली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिकडून काय सांगितलं जात होतं ते मला कळलं नाही, पण तिचं बोलणं ऐकलं.

"कुणाला दिलानी?" ती म्हणाली. "कवा?" तीन मिनिटं संपत आल्याची घंटी वाजली. मला वाटलं, झालं. मी जे दहा महिने केलं ते आता पुरतं झालं. चाचा भिंतीला हात टेकून उभे होते.

भाभीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मंग दुसरी खोली बगा," ती म्हणाली, मघासारखंच मोठ्याने, पण आता ओरडत नव्हती. "बगा म्हणजे बगा. मी सलाम दिलाय."

चाचा वळून काउंटरपाशी गेले आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "आणखी तीन मिन्टां वाढवा." तो म्हणाला, मागे बुकिंग आहेत. चाचा म्हणाले, "वाढवा." बोटीवर शंभर माणसांना ऐकू जाणारा आवाज तो. त्याने वाढवली.

मी काचेच्या खोलीच्या दारातच उभी होते. तिला काही अडलं तर सांगता यावं, लाइन तुटली तर कळवता यावं, म्हणून. चाचा परत आले. त्यांनी ते न लागणारं दार हाताने ओढून जेवढं लागत होतं तेवढं लावलं.

"चला बाई," ते म्हणाले. "आपण भायर थांबू."

आम्ही पायरीवर जाऊन उभे राहिलो. हॉलच्या खिडकीतून भाभी दिसत होती, तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. चाचांनी खिडकीकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने मीही पाठ केली.